मधल्या वेळेची राखण

सावली,
१२ नोव्हेंबर २००८

प्रिय रीता,

फोन करायचा सोडून पत्र काय लिहिते ही, असं तू म्हणशीलच. म्हणून आधी तेच सांगते. आमच्या संस्थेच्या फोनला सचिवांनी कुलूप लावलं आहे. आणि कुलूप नसतं तरी मी पत्रच लिहिलं असतं, कारण फोनवर तू सगळ्याला "हो गं, समजलं" म्हणतेस आणि फोन ठेवला की विसरतेस. चंद्रपूरच्या होस्टेलात दोन वर्षं तुझ्या शेजारच्या खाटेवर काढली आहेत मी. मला जे विचारायचं आहे त्याचं उत्तर कागदावर हवं, म्हणजे शंका आली की पुन्हा वाचता येईल.

तर, मला नोकरी लागली. मच्छीमार संस्थेत, कॉम्प्युटरवर. तलावांवर जाळी टाकणाऱ्या आमच्या ढीवर लोकांचीच संस्था आहे, बाबाही सभासद आहेत. ऑगस्टमध्ये एका योजनेतून कॉम्प्युटर आला, तेव्हा तो चालवायला आसपासच्या गावांत मीच सापडले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेत टिकलं नाही हे तुला माहीत आहे. माय तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "माही आचल हापिसात टीव्हीवर लिव्हते."

पण नोकरी अजून पक्की नाही. सगळ्या सभासदांची फोटोची ओळखपत्रं कॉम्प्युटरवर करायची आहेत. चार जानेवारीला सभा आहे. तोवर काम नीट झालं तर कॉम्प्युटर राहील आणि मीही. नाहीतर कॉम्प्युटर परत जाईल आणि मी घरी. घरी म्हणजे नुसती घरी नाही. मामांनी चामोर्शीकडचं एक स्थळ काढून ठेवलं आहे. बाबा म्हणतात, "नोकरी पक्की झाली तं लग्नाचं मंग पाहू. नाई झाली तं कोणत्या तोंडानं त्याइले थांबा म्हणू?" बाबांचंही खरं आहे.

आता प्रश्न. या कॉम्प्युटरमध्ये अँटिव्हायरस आधीपासूनच घालून आलं होतं. तीन महिने फुकट होतं, आता मुदत संपली. रोज सकाळी मशीन सुरू केलं की लाल चौकट येते आणि 'तुमचा संगणक धोक्यात आहे' असं इंग्रजीत म्हणते. मी ती मिटवते. थोड्या वेळाने परत येते. परवा सचिव गुणवंतराव माझ्या मागेच उभे होते. "हे लाल काऊन होऊन राह्यलं?" मी म्हटलं, "रोजचंच आहे, भाऊ." तर म्हणाले, "रोजचं लाल चांगलं नसते, बाई."

सभासदांचे फोटो स्टुडिओतून पेन ड्राइव्हवर येतात. त्या स्टुडिओत सगळ्या तालुक्याच्या लग्नांचे पेन ड्राइव्ह जातात, त्यांच्याबरोबर काय काय येत असेल कुणास ठाऊक. मी काय करू? आणि मुदत संपलेली वस्तू वापरत राहणं ही चोरी होते का, तेही विचारून कळव.

तुझी,
आचल


घुग्घुस,
१८ नोव्हेंबर २००८

अगं ए टीव्हीवर लिहिणाऱ्या बाई,

अभिनंदन! मी इथे ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कोळशाचे ट्रक मोजते. सकाळी कीबोर्डवर फुंकर मारली की काळा ढग उठतो. तुझ्या कॉम्प्युटरला व्हायरसची भीती, माझ्याला घुग्घुसची.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत आहे. बंद करून टाक. खाली उजव्या कोपऱ्यात त्याचं चिन्ह असतं, त्यावर माउसचं उजवं बटण दाब आणि बंद म्हण. आमच्याकडे कुणीच ते ठेवत नाही, उगाच मशीन जड होतं. आणि चोरी वगैरे काही होत नाही. झालीच तर मला पकडतील, तुझं नाव सांगणार नाही.

एवढं लिहून पाकीट चिकटवणार होते, पण तुझा चेहरा डोळ्यांपुढे आला. होस्टेलच्या मेसमध्ये एक पोळी जास्त वाढली गेली म्हणून परत द्यायला गेलेली तू. म्हणून जेवणाच्या सुट्टीत बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेले. तिथला माणूस म्हणाला, "नुसतं बंद नका करू म्हणा. जुनं काढायचं आणि दुसरं टाकायचं. फुकटची येतात, मी सीडी देतो." मी म्हटलं, "लिहून द्या, माझी मैत्रीण घाबरट आहे." तर तो म्हणाला, "घाबरट लोकांचे कॉम्प्युटर जास्त टिकतात."

घे, तुझी बाजू घेणारा निघाला. सीडी पाठवू का?

रीता


सावली,
२४ नोव्हेंबर २००८

प्रिय रीता,

पाठव. पण त्याआधी माझ्या शंका त्या दुकानातल्या माणसाला विचार.

बंद करून मी काम करू शकणार नाही. तू हसशील, पण मी एकदा करून पाहिलं. चिन्हावर जाऊन बंद म्हटलं. लाल चौकट गेली, आणि मला ती होती तेव्हापेक्षा जास्त भीती वाटली. पाचच मिनिटांत परत चालू केलं.

तू तलावाच्या गावची नाहीस म्हणून सांगते. आमच्या तलावावर मासोळी मोठी व्हायला लागली की राखण बसते. घरटी पाळी असते. पाळी बदलताना पक्का नियम आहे. नवा राखणदार तलावाच्या बांधावर येऊन उभा राहिल्याशिवाय जुन्याने झोपडी सोडायची नाही. दोघांनी मिळून बांधावरून तलावाला एक फेरी मारायची, कुठे काय आहे ते दाखवायचं, मग टॉर्च आणि काठी हातात द्यायची. नवा आलाच नाही तर जुना बसून राहतो, काहीही होवो. आमचे रामाजी याच कारणाने स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्याला पोचले नाहीत. जावयाने सासऱ्याचं तोंड पहिल्यांदा पाहिलं ते थेट लग्नात. पण रामाजींना कुणी नावं ठेवली नाहीत, उलट पाळीवर न आलेल्या माणसाला वर्षभर सगळे तेच ऐकवत होते.

आता तो माणूस म्हणतो, जुनं काढायचं आणि दुसरं टाकायचं. मग मधल्या वेळेत कोण असतं? हे त्याला नक्की विचार.

दुसरं असं की फुकटचं अँटिव्हायरस घरगुती वापरासाठी असतं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. संस्था म्हणजे घर नाही. मग ते आम्हाला चालतं का? आणि माझी झालेली ओळखपत्रं पुसली तर जाणार नाहीत ना? सीडी लावताना फोटोचं काम चालू असलं तर चालेल का, की सगळं मिटवून बसायचं?

सचिव दर दोन दिवसांनी विचारतात, "कुठवर आलं, बाई?" मी म्हणते, "होऊन राह्यलं." आतापर्यंत ते खरं आहे.

आचल


घुग्घुस,
१ डिसेंबर २००८

आचल,

भूपेशला तुझं पत्रच वाचायला दिलं. (दुकानातला माणूस. भूपेश नाव आहे त्याचं.) पूर्ण वाचलं त्याने. रामाजींच्या जावयापाशी आला तेव्हा इतका हसला की समोरचं गिऱ्हाईक दचकलं. मग घरगुती वापराच्या ओळीवर थांबला आणि म्हणाला, "हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नाही. मीही स्वतःला विचारला नाही." त्याने ती आधीची सीडी परत ठेवली आणि संस्थेलाही चालेल असं दुसरं शोधून काढलं. त्यासाठी मला दोनदा जावं लागलं.

मधल्या वेळेत कोणी नसतं, असं तो म्हणतो. थोडाच वेळ असतो. तेवढ्यात इंटरनेटसाठी लावलेली फोनची तार मशीनमधून काढून ठेवायची आणि पेन ड्राइव्ह लावायचा नाही. आत यायला वाटच नसेल तर चोर येईल कुठून? बाकी तुझी ओळखपत्रं कुठे जात नाहीत, आणि हो, सगळं मिटवून बसायचं.

क्रम त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिला आहे. आधी जुनं काढ. मशीन बंद करून चालू कर. मग नवं टाक. 'आधी जुनं' याच्याखाली त्याने दोन रेघा मारल्या आहेत. अक्षर बघ किती वळणदार आहे. डॉक्टरसारखं नाही आणि मास्तरसारखंही नाही, मधलं आहे.

सीडी आणि हे पत्र बिरजूच्या हाती देते. आमचा ट्रकवाला, मूल गावावरून सावलीला येणार आहे.

आणखी शंका असतील तर अजिबात लाजू नको. मला काही त्रास नाही. विचारत जा.

रीता


सावली,
८ डिसेंबर २००८

प्रिय रीता,

फार वाईट झालं आहे. आधी सांगते की चूक माझी आहे, भूपेशची नाही आणि तुझीही नाही.

मी क्रम उलटा केला. रेघा दिसल्या होत्या. दोन्ही दिसल्या होत्या. पण कागद समोर ठेवून बसले आणि हात पुढे जाईना. जुनं काढलं आणि नेमकी वीज गेली तर? सीडी चाललीच नाही तर? मग मशीन उघडं पडणार, आणि पाळी सोडून गेल्यासारखं होणार. मला वाटलं, या माणसाचं तलावावर कुणी नसावं, म्हणून त्याला माहीत नाही. आधी नव्याला आत घ्यावं, तो नीट बसला की मग जुन्याला निरोप द्यावा. म्हणून जुनं तसंच ठेवलं आणि सीडी लावली.

मधेच नव्याने एक चौकट दाखवली. शब्दकोश काढून वाचली. 'इथे आधीच दुसरं संरक्षण आहे, तरी पुढे जायचं का?' मला वाटलं ते ओळख करून घेतंय. मी हो म्हटलं.

त्यानंतर बाण जागच्या जागी चिकटला. मी चहा पिऊन आले तरी तिथेच. मशीन बंद करून चालू केलं, तर पडद्यावर नुसता निळा रंग आणि आतून घरघर. गुणवंतरावांनी डब्यावर हात ठेवून पाहिला. "गरम तं हाये. जिता हाये म्हणजे." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "पण उठत काऊन नाई?"

घरी बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दोघंबी राखणदारच ना? मंग आपसात काऊन भांडून राह्यले?" तोच प्रश्न तुझ्याकडे पाठवते.

झालेली सगळी ओळखपत्रं आतच आहेत. सचिव चांगले आहेत, रागावले नाहीत, पण म्हणाले की थोडे दिवस पाहतो, नाहीतर सभेच्या आधी मशीन परत पाठवायचा अर्ज करावा लागेल. सभासदांपुढे बंद डबा कसा ठेवायचा?

रीता, यावेळी लवकर लिही. त्याला आजच विचार. माझं जे काही आहे ते आता त्या डब्यात आहे.

आचल


घुग्घुस,
१९ डिसेंबर २००८

आचल,

उशीर झाला, माफ कर. मला ताप होता.

भूपेश म्हणतो, घाबरू नको, काही गेलेलं नाही. तुझ्या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर त्याने असं दिलं. तलावावरचे राखणदार एकमेकांना ओळखतात. हे दोघे ओळखत नाहीत. जो दुसऱ्याच्या पेट्या उघडून बघतो तो चोर, एवढंच त्यांना शिकवलेलं आहे, आणि दोघेही दिवसभर तेच करतात. म्हणून जुना नव्याचा हात धरतो, नवा जुन्याचा, आणि तुझं काम दोघांच्या मधे उभं राहतं.

आता कर. मशीन सुरू होत असताना एफ-आठची कळ दाबत राहा. मशीन अर्धवट जागं होईल. तेव्हा दोघेही राखणदार झोपलेले असतात. सोबत दुसरी सीडी आहे, तिच्यात जुनं मुळासकट काढायचं साधन आहे. तशा अर्धवट जागेपणातच दोघांनाही काढ. हो, दोघांनाही. मग नेहमीसारखं सुरू कर आणि एकालाच बोलाव. सोबतचा कागद त्याचाच आहे. यावेळी एकही रेघ मारलेली नाही. म्हणाला, "रेघ मारली की त्या उलटं करतात."

रीता


सावली,
२४ डिसेंबर २००८

प्रिय रीता,

उठलं! कॉम्प्युटर उठला!

तुझं पाकीट आलं तेव्हा परत पाठवायचा अर्ज टेबलावर तयार होता. तो मीच लिहिला होता, हाताने, मशीन बंद असल्यामुळे. गुणवंतराव म्हणाले, "तुहंच अक्षर चांगलं हाये." फक्त अध्यक्षांची सही राहिली होती, कारण ते धानाच्या मळणीत होते. त्यांच्या धानावर माझे उपकार आहेत असं म्हणायचं की धानाचे माझ्यावर, कळत नाही.

फोनची तार काढली. पेन ड्राइव्ह कपाटात ठेवून कपाट लावलं. ऑफिसचं दारही लावलं आणि आमचा शिपाई लच्छू आहे त्याला सांगितलं की कुणाला आत सोडू नको. तो म्हणाला, "दारातून बी येते का ते?" मी म्हटलं, येत नाही, पण असू दे. मग दोघांना काढलं. मशीन परत सुरू होत होतं तेव्हा आत कुणीच नव्हतं. मी हात मांडीवर ठेवून बसले, कळीलासुद्धा बोट लावलं नाही. काही झालं नाही गं. पडदा आला, बाण हलला, माझी ओळखपत्रं जिथल्या तिथे होती. मग नव्याला बोलावलं. स्टुडिओचा पहिलाच पेन ड्राइव्ह लावला तर त्याने त्यातून ओळीने चोर बाहेर काढले. जुन्याच्या नजरेखालून ते किती दिवस येत-जात होते, देव जाणे.

आता रोज लवकर येते आणि दिवस बुडाल्यावर जाते. मधले दिवस गेले त्यामुळे सगळी कार्डं सभेपर्यंत होतील असं वाटत नाही, पण जितकी होतील तितकी करते.

तुझ्या तापाचं वाचून मात्र फार वाईट वाटलं. मी इथे तुझ्या नावाने बोटं मोडत होते, आणि तू तिकडे अंगावर काढत होतीस. तशात माझ्यासाठी दुकानापर्यंत चालत गेलीस! घुग्घुसला डास फार, मलेरियासाठी रक्त तपासून घेतलंस का? मायने गुळवेल वाळवून दिली आहे, पाकिटात घालते. सकाळी उकळून घे. कडू लागते म्हणून टाकून देऊ नको.

आचल


घुग्घुस,
२९ डिसेंबर २००८

आचल,

गुळवेल मिळाली. उकळून प्यायले. मला ताप नव्हता.

ताप नव्हता, आणि तरी प्यायले, कारण तेवढी शिक्षा मला हवीच होती.

तुझं आठ तारखेचं पत्र मला बारालाच मिळालं होतं. त्याच दिवशी दुकानात गेले. भूपेशने तिथल्या तिथे उत्तर लिहिलं, सीडी केली, पाकिटात घालून हातात दिलं. म्हणाला, "आजच टाका, त्या मुलीला झोप लागत नसेल." मी पाकीट पर्समध्ये ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. विसरले नव्हते. रोज बघत होते.

आता हे कसं लिहू! तुझे प्रश्न आले की मी दुकानात जाते. तू शंका काढतेस आणि मी त्या घेऊन जाते. तो लिहितो आणि मी समोर बसते. चहा येतो. एरवी माझं त्या दुकानात काय काम? बाबा याच रस्त्याने खाणीच्या पाळीला जातात, त्यांना विचारलं तर सांगायला काहीतरी हवं. तुझं मशीन सुरू झालं की तुझे प्रश्न संपणार, हे माझ्या डोक्यात आलं. म्हणून दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातांनीच गेले आणि म्हटलं, आचलचं काहीच कळलं नाही. तो काळजीत पडला. मला वाटलं, उद्या टाकू. मग वाटलं, परवा.

तू लिहिलं होतंस की तुझं जे काही आहे ते त्या डब्यात आहे. मी ते वाचलं होतं.

रागाव. फक्त गप्प बसू नको.

रीता


सावली,
६ जानेवारी २००९

रीता,

तुझं पत्र सभेच्या दोन दिवस आधी मिळालं. तेव्हाचं उत्तर पाठवलं असतं तर तू ते फाडून टाकलं असतंस. लिहिलं होतं, मीच फाडलं. त्यात तुला 'तुम्ही' म्हटलं होतं.

आता सभेचं सांगते, कारण ते तुला कळलंच पाहिजे.

सभेच्या आदल्या दिवशी गुणवंतरावांनी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, "पाह्य बाई, उद्या विचारतीन, मशीन इतके दिवस बंद काऊन होतं. तू म्हणजो, बिघडलेलंच आलं होतं. म्हणजे तुह्यावर नाई येत अन् माह्यावरबी नाई येत." माझ्या भल्यासाठीच सांगत होते. मी मान हलवली. रात्रभर ती हललेली मान मला टोचत होती.

सभा आवारातच होती. कार्डं वाटली. लोक आपापले फोटो पाहून हसत होते, रामाजी तर म्हणाले, "हा म्हातारा कोण हाये?" पण काही कार्डं राहिलीच होती. ज्यांना मिळाली नाहीत ते बोलायला लागले, आणि मग तोच प्रश्न आला, मशीन बंद का होतं?

मी उभी राहिले आणि सांगून टाकलं. बिघडलेलं आलं नव्हतं. मला आधी जुनं काढ असं लिहून दिलं होतं, मी तलावावरच्या रीतीने नवा आल्याशिवाय जुना सोडला नाही. दोघे भांडले आणि मशीन बसलं. गुणवंतरावांनी डोळे मिटून घेतले. इतके दिवस का लागले, असं कुणीतरी विचारलं. उत्तर यायला उशीर झाला, असं मी म्हटलं. ते खोटं नाही. त्याहून जास्त मी बोलले नाही, आणि तुझं नाव घेतलं नाही, हे तुला कळावं.

मागून एकजण म्हणाला, "म्हणजे पोरीनंच मोडलं ना? मंग दुसरी शिकलेली आणा." बाबा कोपऱ्यात बसले होते, त्यांनी मान खाली घातली. मी मनातल्या मनात चामोर्शीला पोचले होते.

तेवढ्यात बुधरीबाई उठली. तिला तू ओळखत नाहीस. एकटी बाई आहे, नवऱ्यामागे स्वतः जाळं टाकते, आणि बोलायला लागली की अध्यक्षही खुर्ची मागे घेतात. तिचं कार्ड झालं नव्हतं. मला वाटलं, आता संपलं.

ती म्हणाली, "माहं कार्ड नाई झालं म्हणूनच बोलून राह्यली. ही गेली तं माहं कार्ड करन कोण? तू करशीन?" मग सगळ्यांकडे वळली. "दुसरी आणसान, ते पहिले मोडन. मंग शिकन. मंग जोडन. ही मोडून बसली, जोडून बसली. आता हिले काय मोडाचं राह्यलं?" लोक हसायला लागले. "अन् ही पोरगी खरं सांगते मायबाई. इथी कोण सांगते खरं? तुह्या पाळीले मासोळी कमी निघाली, तं तू म्हणतं बगळ्यानं नेली."

यावर जो हशा उठला त्यात ठराव मंजूर झाला. गुणवंतरावांनी डोळे उघडले ते थेट सही करायला. मला कायम केलं, रीता. बाबा घरी दारात आले आणि मायला म्हणाले, "पोरीच्या मामाले निरोप दे, थांबा म्हणावं." माय म्हणाली, "किती दिवस?" बाबा म्हणाले, "हिलेच विचार."

आज सकाळी पहिलं कार्ड बुधरीबाईचं केलं.

आता तुझ्याबद्दल. दोन दिवस मी फार रागावले होते. अजून थोडी आहे. बुधरीबाई उठली नसती तर हे पत्र मी तुला लग्नपत्रिकेसोबत पाठवलं असतं, आणि तो राग मग गेला नसता. हे मी लिहून ठेवते, म्हणजे तू पुन्हा वाचशील. पण तू आपणहून सांगितलंस. मला कधीच कळलं नसतं. मी तर तुला गुळवेल पाठवत होते.

भूपेशबद्दल मला एवढंच माहीत आहे. तो विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतो. घरगुती वापराचं त्याला माहीत नव्हतं तेव्हा माहीत नाही म्हणाला, आणि माझ्यासारख्या न पाहिलेल्या मुलीला झोप लागत नसेल हे त्याच्या लक्षात आलं. तुझ्या बाबांना सांगायची वेळ आली आणि त्यांनी मला विचारलं, तर एवढं मी सांगेन. त्याहून जास्त सांगणार नाही, कारण मी त्याला पाहिलेलं नाही. पर्समध्ये राहिलेल्या पाकिटाचं आणि तापाचं खरं काय ते त्याला तूच सांग. माझ्या पत्रातून कळायला नको.

माझ्या शंका आता संपल्या आहेत. मशीन चांगलं चालतं, लाल चौकट येत नाही. लच्छू म्हणतो, ती दिसत नाही तर चुकल्यासारखं वाटते.

तरी खाली एक प्रश्न लिहिते. हा घेऊन दुकानात जा. नव्या अँटिव्हायरसला इंटरनेटवरून नवीन चोरांची ओळख आठवड्यातून किती वेळा करून द्यायची?

याचं उत्तर मला माहीत आहे. त्याने पहिल्याच कागदावर लिहिलं होतं, त्याला आठवलं तर तू जाण आणि तो जाणे. सावकाश विचार, चहा घे. उत्तराची मला अजिबात घाई नाही.

तुझी,
आचल